नाना सुर्व्यांची पोर्ट बाजू

नाना सुर्व्यांना डावा हात नव्हता. डावा पाय, डावा डोळा, डावी मिशी, डावा खिसा यांतलंही काही नव्हतं. म्हणजे माणूस धडधाकट होता, सगळे अवयव जागच्या जागी होते. पण अंगाची जी बाजू तुमची-आमची डावी, ती नानांची पोर्ट होती. न्हाव्याला म्हणायचे, "पोर्टची मिशी खाली उतरल्येय बघ, जरा वर घे." जेवायला बसले की मुलीला सांगायचे, "कुसुम, चटणी पोर्टला वाढ." पावसाळ्यात त्यांच्या पोर्टच्या गुडघ्यात कळ यायची. उजव्या बाजूला मात्र ते साधं उजवीच म्हणायचे. त्यात नानांचा दोष नव्हता, वाळवीचा होता. ते पुढे सांगतो.

माझी त्यांची ओळख एका कोटामुळे झाली. मी खानदेशातला. मराठी चौथी झाली आणि वडील गेले, तेव्हा पाटी ठेवली आणि शिवणाच्या यंत्रापाशी बसलो. मुंबईत एका शिंप्याच्या हाताखाली राहिलो. त्याच्या भावाचं रत्नागिरीला दुकान होतं, तिथे कारागीर हवा होता. त्यानं मला एक दिवस बोटीवर चढवून दिलं. मी तोवर पाण्यावर कधी पाय ठेवला नव्हता, मुंबईचा समुद्रही लांबूनच पाहिलेला. रत्नागिरीच्या बंदरात उतरलो तेव्हा माझ्या पोटात काही शिल्लक नव्हतं आणि पायाखालची जमीन अजून हलत होती. मी जातीचा घाबरट. दाराला कडी घातली की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत फिरणारा. त्यात या गावात जो भेटे तो पहिला प्रश्न एकच विचारी, "कुठचे तुम्ही?" खानदेशातला म्हटलं की, "म्हणजे नक्की कुठे?" आणि ते सांगून झालं की, "मग एवढ्या लांब इकडे कशाला?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत मला दरदरून घाम फुटलेला असायचा.

नाना दुकानात आले आणि म्हणाले, "मास्तर, कोटाचा पोर्टचा खिसा जरा खोल करा. तपकिरीची डबी राहत नाही."

मला मास्तर म्हणणारा हा पहिला माणूस. मी टेप गळ्यात घालून नुसता उभा राहिलो.

"पोर्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही?" नानांनी विचारलं.

"नाही जी."

नानांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी कधी विसरणार नाही. ज्याला पोर्ट ठाऊक नाही असा माणूस रत्नागिरीत उरलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. ते बाकावर बसले, मालकाने दिवा लावेपर्यंत बसले. जाताना विचारलं, "झोपता कुठे?" मी कापायच्या टेबलाखाली बोट दाखवलं. "आमची पडवी रिकामी आहे. सामान घेऊन या," म्हणाले आणि गेले. माझं गाव विचारलं नाही, घराणं विचारलं नाही, इकडे कशाला आलास हेही नाही. त्या पडवीत मी पुढे कित्येक वर्षं काढली. आज माझं स्वतःचं दुकान आहे, पण एखाद्या कोटाचा डावा खिसा शिवताना हात आपोआप जरा खोल जातो.

तर नानांचं पोर्ट. नाना बंदरकचेरीत कारकून होते, तेव्हा नुकतेच पेन्शनीत निघालेले. बदलून गेलेल्या एका साहेबाने मागे टाकलेला इंग्रजी कोश त्यांच्याकडे होता, पाटावरवंट्याच्या वजनाचा. एका पावसाळ्यात त्याला वाळवी लागली आणि तिने शेवटाकडून सुरुवात केली. एस अक्षराच्या पलीकडे काही राहिलं नाही आणि एसदेखील अर्धं गेलं. जहाजाच्या उजव्या बाजूला जे नाव आहे ते नेमकं त्या अर्ध्यात होतं. "उजवी बाजू वाळवीनं खाल्ली," नाना खेदानं सांगायचे. कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते नाव ठाऊक नसेल असं नाही, पण ज्याचं मूळ डोळ्यांनी वाचलं नाही तो शब्द तोंडात घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

पोर्ट या शब्दाची पाच घरं आहेत, असं नानांचं म्हणणं. नाव एक, घरं पाच.

"पहिलं घर, बंदर. हे लॅटिनातलं. लॅटिन म्हणजे त्यांचं संस्कृत, मास्तर. ते झालं एक घर. पुढचं?"

पुढचं कुणी सांगायचं नसे. नुसतं "पुढचं?" असं आपणही म्हणायचं, की गाडी चालू.

"दुसरं घर, दरवाजा. किल्ल्याचा, गावाचा. बोटीला गोल खिडकी असते ना, तिच्या नावात हेच बसलंय. तिसरं घर, वाहून नेणं. बंदरावर हमाल असतो त्याला साहेब काय म्हणतो? पोर्टर. आता ही तीन घरं एकमेकांची चुलत. पार मागे गेलं तर एकच चूल. पण हल्ली येणं-जाणं नाही."

"भांडण झालं का?" मी एकदा काळजीनं विचारलं.

"काळ लोटला रे. भांडणाशिवायही माणसं तुटतात." आणि लगेच, "चौथं घर, दारू. लाल, गोड. पोर्तुगिजांच्या एका शहरातून पिंपात भरून निघाली, म्हणून त्या शहराचं नाव लागलं. आणि त्या शहराच्या नावाचा अर्थ काय? बंदर. म्हणजे बाई सासरी गेली, पण माहेर पहिल्याच घरी. पाचवं घर, आपली ही बाजू." इथे ते आपला डावा खांदा थोपटायचे. "जुन्या काळी सुकाणूचं वल्हं असायचं उजवीकडे, म्हणून बोट धक्क्याला लावायची ती डाव्या अंगानं. बंदराकडची ती पोर्ट. पूर्वी तिला नाव वेगळंच होतं, पण ते उजव्याच्या नावासारखं ऐकू यायचं आणि वाऱ्यात खलाशी भलतीकडे सुकाणू फिरवायचे. म्हणून बदललं. नाव बदललं तरी बाजू तीच राहिली, हे ध्यानात घ्या."

मुळाशी जा, हे त्यांचं पालुपद. बटाटा, चावी, पगार यांतला एकही शब्द ते सुखानं वापरू देत नसत. "पोर्तुगीज तो. बोटीनं आलेला," म्हणून आधी त्याची बूज राखायची, मग बटाट्याची भाजी खायची. कुसुम म्हणायची, "बाबा, गार होतंय." कुसुम त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. बोलायला कमी, पण जे बोलायची ते शेवटचं असायचं.

मला नवल वाटायचं ते गल्लीचं. नानांचं पोर्ट कुणी कधी तोडलं नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार पुडी बांधताबांधता, "हां, मग तिसरं घर?" असं स्वतः पुरवायचा. गाडीवान बैल थांबवून पाचवं घर ऐकून जायचा. पाठ झालेलं असूनही माना डोलावायचे सगळे. मी मनात म्हणायचो, रत्नागिरीची माणसं जिभेनं तिखट असली तरी फार सहनशील आहेत.

सहनशील नव्हती ती फक्त बाहेरगावची, आणि नेमकी तीच कुसुमला बघायला यायची.

कुसुमचं वय वाढत होतं आणि नाना भेटेल त्याला स्थळ विचारत होते. स्थळं येत, पोहे खाल्ले जात, मुलगी पसंत पडे, आणि मग वरपिता पानाला चुना लावत सहज विचारी, "सुर्वे म्हणजे कुठचे सुर्वे तुम्ही? मूळ गाव कुठचं?" झालं. नाना खाकरायचे. "मूळ म्हणाल तर मूळ ही फार गमतीची गोष्ट आहे. आता इंग्रजीत एक एवढासा शब्द आहे..."

राजापूरचे एक गृहस्थ आले होते ते दारूबंदीसाठी दारूच्या दुकानासमोर धरणं धरणारे. चौथ्या घरातली पिंपं नानांनी अशी काही रंगवली की गृहस्थ पिशवी उचलून उभेच राहिले. हर्णेच्या एका मचवेवाल्याला त्यांनी होडीची डावी बाजू कुठची ते समजावून सांगितलं. तो बिचारा जन्मभर होडीत वाढलेला. "भरती चुकेल," म्हणाला आणि गेला तो गेलाच. आणखीही आले. कुणी दुसऱ्या घरातून पळालं, कुणी तिसऱ्यातून. पाहुणे गेले की नाना ओट्यावर बसून म्हणायचे, "लोकांना मुळाची आवड नाही."

मग देवरुखकडचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर, खरा मास्तर. कुसुमनं त्याला आपल्या मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं आणि त्यानं तिला. एवढं माझ्यासारख्यालाही कळलं, कारण ज्या दिवशी निरोप आला त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि नानांनी ती न बोलता खाल्ली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कुसुम पडवीत आली. "दादा, एक काम करायचं. उद्या बाबांच्या शेजारी बसायचं आणि त्यांना पोर्ट काढू द्यायचं नाही."

"मी? मी कसा अडवणार?"

"कसंही. पण हे स्थळ जाऊ द्यायचं नाही मला."

मला रात्रभर झोप लागली नाही. ज्या माणसानं डोक्यावर छप्पर दिलं त्याच्या तोंडाला हात लावायचा म्हणजे काय. पण छप्पर दोघांचं होतं, आणि भाजी रोज कुसुमच वाढत होती.

मुलाचे वडील तात्या आले, आणि मुलाची आत्या. तात्या शेतकरी, मोजकं बोलणारे. आत्याबाई मात्र सगळ्या घराण्याचं बोलणं एकटीनं उरकणाऱ्या. आल्याआल्या त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्ये कोण?"

"आमचे टेलरमास्तर. घरचेच," नाना म्हणाले.

"घरचे, आणि तोंड असं का? मुलगी तुमची द्यायची हाय का ह्यांची?"

पोहे झाले. आत्याबाईंनी कुसुमला चार प्रश्न विचारले, तिने चार उत्तरं दिली, आणि आत्याबाईंनी तात्यांकडे बघून मान हलवली. आता पानाचं तबक पुढे आलं, आणि मी नानांच्या जवळ सरकलो. तात्यांनी पानाचं देठ खुडलं.

"तर सुर्वे म्हणजे, कुठचे सुर्वे तुम्ही?"

नाना खाकरले. "मूळ म्हणाल तर तात्या, मूळ ही फार गमतीची..."

"नाना, पान," म्हणून मी विडा त्यांच्या हातात कोंबला.

त्यांनी तो तोंडात टाकला, गालाच्या पोर्टच्या बाजूला सारला आणि सुरू केलं, "हां. तर इंग्रजीत एक एवढासा शब्द..."

मी पाण्याचा तांब्या कलंडवला. पाणी तात्यांच्या धोतरापर्यंत गेलं. आत्याबाई म्हणाल्या, "शिवताना पन असाच हात थरथरतो काय तुमचा?" फडकं आलं, पुसणं झालं. मला वाटलं, आता विषय वाहून गेला असेल. पण नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं. माझ्याजवळ कलंडवायला आणखी काही नव्हतं.

तेव्हा कुसुम बोलली. खाली मान घालून बसली होती, मान तशीच ठेवून म्हणाली, "बाबा, ते कुठचे म्हणून विचारताहेत."

नाना तिच्याकडे बघत राहिले. विडा चघळायचं थांबले. मग उठून अंगणात जाऊन थुंकून आले, खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि जागेवर बसले. आणि मी त्यांचा कधी न ऐकलेला आवाज ऐकला. बंदरकचेरीत कारकून बोलत असेल तसा, सरळ.

"मला मूळ गाव नाही. बोट आली, उतारू उतरले, आपापल्या गाड्यांनी निघून गेले. धक्क्यावर एक गाठोडं राहिलं आणि त्याच्यावर मी बसलेलो. धड बोलता येत नव्हतं. बोट पुढे मालवणकडे गेलेली. भिकाजी सुर्वे कचेरीत शिपाई होते. कुणीतरी परत येईल म्हणून ते थांबले. पुढची बोट आली, त्याच्या पुढची आली. मग पावसाळा लागला आणि बोटी बंद झाल्या. तेव्हा ते मला घरी घेऊन गेले. नाव त्यांनी दिलं, तेच लावतो. ते गेल्यावर त्यांच्या भावकीनं मला त्यांच्या देवळात उभं केलं नाही. मुंबई, हर्णे, दाभोळ, जयगड... कुठे चढवलं होतं मला, कोण जाणे. तुम्ही विचारलंत ते सांगायला माझ्याजवळ काही नाही."

मी तात्यांच्या धोतराच्या ओल्या काठाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, झालं, आता उठणार हे.

आत्याबाईंनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "हां. ठाऊक हाय आमाला."

नानांचा हात उपरण्यावर होता तिथेच थांबला. "काय ठाऊक आहे?"

"ह्येच. आमचा बा तांदूळ घेऊन बंदरावर यायचा तवा. घरी येऊन सांगायचा, भिकाजी शिपाई पोराला खांद्यावर घेऊन हुबा असतो, बोटीतनं उतरंल त्याला दाखवतो, कुनाचं हाय काय बगा म्हनून. ते पोर तुमीच ना?"

"मग विचारलंत कशाला?"

"विचारायची रीत हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी सांगायचं आनि आमी हां म्हनायचं. आता सांगितलंत. हां म्हनला आमचा तात्या. काय रं?"

"हां," तात्या म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच काय ते मनापासून बोललेलं.

"आनि मुलीच्या कुळाचा देव म्हनाल, तर लग्नानंतर आमचा तोच तिचा. मग आदीचा कुठचा ते कोन विचारतो."

पाहुणे गाडीत बसून गेले. नाना ओट्यावर येऊन बसले. कोपऱ्यावरचा दुकानदार दुकानातून मान काढून बघत होता. जमलं का, अशी त्यानं हातानं खूण केली. मी जमलं म्हणून मान हलवली. नाना त्याच्याकडे बघत होते.

"याला पण ठाऊक असेल," ते म्हणाले. "गल्लीला, बाजाराला, सगळ्यांना."

"मला नव्हतं," मी म्हणालो.

"तुम्ही बाहेरचे, मास्तर." मग त्यांनी मागे न बघताच विचारलं, "कुसुम, तुला?"

कुसुम दारात उभी होती. "शाळेत असल्यापासून. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. बाबांना कळू देऊ नकोस म्हणाल्या."

नाना हसले. हसू लवकर संपलं. "आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना पाच घरं फिरवत राहिलो. ऐकून घेतलं मेल्यांनी." तपकिरीची डबी काढली, उघडली नाही. "कचेरीच्या दारावर पाटी होती, पोर्ट ऑफिस. मला पहिलं वाचता आलेलं इंग्रजी तेच. भिकाजी म्हणायचे, तू इथे सापडलास. माझं काही सापडत नव्हतं. म्हटलं, ज्याच्या दारात सापडलो त्याचं तरी शोधून बघावं."

कुसुम येऊन त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी तिच्या कानाकडे बघितलं. तिच्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती, नानांच्या होती तशीच. मी ती रोज बघत होतो, पण कधी बघितली नव्हती.

"ही झाली ना," नाना मला म्हणाले, "तेव्हा सुईणीनं आणून दाखवली. मी हा कान बघितला. तोवर माझ्यासारखं काही असलेलं माणूस मी कुठे पाहिलं नव्हतं. बंदरावर उतारू बघायचो, कान बघायचो त्यांचे. लोकांना वाटायचं, कारकून झडती घेतोय." मग उठले. "चला, आमटी कर. आज मीठ घाल."

लग्न झालं. नवऱ्याचा कान पिळायला मुलीचा भाऊ लागतो, तो मी झालो. मी कान नुसता धरून ठेवला, तेव्हा नवरा मुलगाच हळू म्हणाला, "पिळा हो, दुखत नाही." कुसुम देवरुखला गेली आणि घरात नाना आणि मी उरलो. नाना पोर्ट सोडतील असं मला वाटलं होतं. सोडलं नाही. मात्र आता पाच घरं सांगून झाली की थांबायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "आणि तुम्ही कुठचे?" जे कधी विचारत नसत, ते आता विचारायला लागले. माझं गावही त्यांनी तेव्हाच विचारलं. नदी आहे का, घरांची तोंडं कुठल्या दिशेला, केळी कधी लावतात, सगळं. मी सांगत गेलो आणि मला घाम फुटला नाही.

दिवाळसणाला कुसुमला आणायला मला धाडलं. सर्व्हिस मोटारीनं आम्ही परत आलो तेव्हा नाना सकाळपासून नाक्यावर उभे असल्याचं पानवाल्यानं सांगितलं. त्यांनी तिची पिशवी माझ्याकडून काढून घेतली आणि आम्ही घराकडे चालू लागलो. तिने सासरचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, आत्याबाई आठवड्याला येऊन राहतात ते सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "तिकडे बायका विचारतात का गं, माहेर कुठचं म्हणून?"

"विचारतात की. विहिरीवर रोज नवी कुणीतरी विचारते."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, रत्नागिरी. बंदरावरचे सुर्वे."

नाना चालायचे थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"परत सांग," ते म्हणाले.